तार तुटली, हात नका लावू!

महेंद्र मेश्रामचं म्हणणं असं, की जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत. एक, ज्या त्यानं दुरुस्त केल्या. आणि दुसऱ्या, ज्या अजून त्याच्या हाताला लागलेल्या नाहीत! मध्य प्रदेशातल्या भरवेलीच्या मँगनीज खाणीत सव्वीस वर्षं फिटरचं काम केलेल्या माणसानं एवढं म्हटलं तर आपण ऐकून घ्यावं. "मशीन मले पाहूनच सुधरते," असं तो अंजनाला आठवड्यातून एकदा तरी सांगायचा. अंजना म्हणजे त्याची बायको. ती घरीच शिलाईकाम करायची. मशीनवरून मान वर न करता ती म्हणायची, "हौ."

त्या "हौ"मध्ये काय काय भरलेलं असायचं, हे महेंद्रनं कधी उघडून पाहिलं नव्हतं.

आणि अशा या माणसाला गेले सहा महिने एका लाल इलेक्ट्रिक गिटारनं जेरीस आणलं होतं!

गिटार मलाजखंडहून आली होती. तिथल्या खाणीतले एक इंजिनियर बदली होऊन निघाले होते, घरातलं सामान कमी करत होते, आणि महेंद्र नेमका त्याच दिवशी टाउनशिपमध्ये गेलेला. लालभडक अंग, चकचकीत खुंट्या आणि खाली, तारा अडकतात त्या घोडीला, एक वाकडी दांडी. दांडी दाबली की सूर झोपाळ्यावर बसल्यासारखा हेलकावे खायचा. महेंद्र तोवर बालाघाटच्या समता गायन पार्टीत साधी लाकडी गिटार वाजवायचा. ही लाल गिटार गळ्यात अडकवून तो पहिल्यांदा तालमीला आला, तेव्हा ढोलकीवाला गजेंद्र ढोलकी वाजवायचंच विसरला.

"भाऊ, आता आपली पार्टी वेगळीच दिसन!"

दिसली खरी. कारण दर कार्यक्रमात त्या गिटारची पहिली तार तुटायला लागली!

पहिली म्हणजे सगळ्यात बारीक. आणि ही गिटार अशी, की तिची घोडी मागून स्प्रिंगांनी ओढून धरलेली. एक तार तुटली की घोडी मागे झुकायची, आणि उरलेल्या पाचही तारा सूर सोडून वर चढायच्या. लग्नघरात एक पाहुणा रुसला की बाकीच्यांचेही आवाज चढतात ना, अगदी तसं! वाराशिवनीत तुटली. कटंगीत तुटली. एका नामकरणात तर बाळाच्या आधी तिनंच टाहो फोडला.

शेवटी बुद्धपौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात, रविवारच्या तालमीतही तुटली. पार्टीच्या मुख्य गायिका आम्रपालीताई. त्या एका शाळेच्या हेडमास्तरीण. गातानाही त्यांचा एक डोळा शिस्तीवर असायचा. त्यांनी हात वर करून गाणं थांबवलं.

"महेंद्रभाऊ, पुढच्या रविवारी लालबर्‍याच्या पुढं एका गावात नव्या विहाराचं उद्घाटन हाये. गावच्या बायांनी दोन वर्षं विटा वाहून तो विहार उभा केला. तिथं मले असा खण्णकन आवाज नाई पाह्यजे."

"नाई होणार, ताई."

"मांगंही तुमी हेच म्हणले होते. वाराशिवनीचा पवन कीबोर्ड घेऊन याले तयार हाये. त्याच्या कीबोर्डात गिटारचं बटन हाये म्हणते."

गिटारचं बटन! चाळिशीत, पाळ्या सांभाळून, बोटांना घट्टे पाडून जे शिकला त्याला आता एक बटन! खाणीत तो एक हजेरी नंबर होता. मोहल्ल्यात 'मेश्राम फिटर' होता. फक्त या पार्टीत माइकवरून त्याचं नाव पुकारलं जायचं : "गिटारवर, महेंद्र मेश्राम!" तेवढ्यासाठी तो पंधरा वर्षं गावोगाव पिकअपमध्ये उकिडवा बसून फिरला होता.

तो ताडकन उठला. "ताई, आठ दिवसांत या गिटारले असं करून दाखवतो, का तार तर तार, केसही तुटणार नाई!"

"कोणाचा केस?" हार्मोनियमवाल्या प्रेमलालनं काळजीनं विचारलं. त्याच्या डोक्यावर मोजकेच उरले होते.

सोमवारी महेंद्रनं निदान केलं.

"सोपं हाये, अंजना. तार बारीक हाये म्हणून तुटते. जाड टाकली का विषय खतम!"

"हौ."

तो गोंदियाला गेला आणि दुकानातल्या सगळ्यात जाड तारा मागितल्या. दुकानदार म्हणाला, "भाऊ, या गिटारले एवढ्या जाड काहून?" महेंद्र म्हणाला, "मी खाणीत काम करतो." दुकानदाराला या उत्तराचा संबंध कळला नाही, पण त्यानं पुडी बांधून दिली.

जाड तारा ताणल्यावर घोडी अशी वर उचलली गेली, जशी काही उभी राहून सलामीच देतेय! महेंद्रनं गिटार पालथी करून मागच्या स्प्रिंगा कसल्या. घोडी बसली, पण सूर गेले. सूर जुळवले, घोडी उठली. मंगळवारी ड्यूटीवरून आल्यापासून तो गिटार पोळीसारखी उलटत-पालटत होता. संध्याकाळी एकदाची जमली. त्यानं मिशीवर हात फिरवला, बोट टेकवलं, आणि... खण्ण! तुटलेलं टोक उडून थेट त्याच्या पोह्यांच्या ताटात!

अंजनानं मशीन थांबवली. "जाडही तुटली."

"पाह्यलं मी."

"कुठं तुटली?"

"कुठं म्हणजे? इथंच, घरात! तुझ्यासमोर तर तुटली!"

अंजनानं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं, काहीतरी बोलणार होती, पण रविवारचे चार ब्लाउज पुढ्यात होते. तिनं मशीन पुन्हा सुरू केली.

बुधवारी महेंद्रला साक्षात्कार झाला. घर्षण! सव्वीस वर्षं ज्या शत्रूशी लढलो, तो घरातच बसला होता आणि आपल्याला दिसला नाही! त्यानं ग्रीसचा डबा काढला आणि सहाही तारा, खुंट्या, घोडी, सगळं असं माखलं की लाल गिटार काळी दिसायला लागली. मग वाजवायला घेतली. पण बोट ठेवावं एका सुरावर, आणि ते घसरत घसरत थांबावं पार सिवनीच्या रस्त्यावर!

"जास्त झालं वाटते," तो पुटपुटला. हाताशी एक पांढरं फडकं होतं. त्याला त्यानं बोटं पुसली, तारा पुसल्या, डब्याचं झाकणही पुसलं.

"अजी," मागून अंजनाचा आवाज आला. फार हळू. "ते काय हाये तुमच्या हातात?"

"फडकं."

"फडक्याले हुक असते का?"

महेंद्रनं उलटून पाहिलं. फडक्याला हुक होते. पाठीला नाड्या होत्या. तो आम्रपालीताईंचा रविवारचा ब्लाउज होता, पांढराशुभ्र, त्यांच्या साडीतल्याच कापडाचा, म्हणजे तसं दुसरं कापड शोधूनही मिळणार नाही असा!

साबण झाला, रॉकेल झालं, लिंबू झालं. डाग फिका झाला, पण डाव्या खांद्यावर ठाण मांडून बसला. अंजना त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. "हौ"सुद्धा नाही! तेव्हा महेंद्रला पहिल्यांदा कळलं, की त्या "हौ"शिवाय घर किती शांत असतं.

शुक्रवारी त्याची सुट्टी होती. ग्रीस बरंचसं धुऊन झालं होतं, पुन्हा बारीक तारा चढल्या होत्या. भर दुपारी, ओसरीवर बसून, तो प्रेमलालला फोनवर गिटार ऐकवत होता. प्रेमलाल तालमीसाठी त्याच्याकडेच यायला निघाला होता, गाडीवर, वाऱ्यात. अन् तार तुटली.

"काय झालं, भाऊ?" प्रेमलाल ओरडला.

"तार तुटली!"

"काय?"

"तार! तार तुटली रे! अन् तू आल्यावर हात नको लावू कशालेच! अजून ग्रीस हाये! हात नका लावू कोणी!"

शेजारच्या घरी महागूकाका खाटेवर पडले होते. वय चौऱ्याहत्तर. त्यांच्या अर्ध्या झोपेत दोनच वाक्यं शिरली : 'तार तुटली' आणि 'हात नका लावू'. काका एका उडीत काठी घेऊन रस्त्यावर!

"करंट! तार तुटली! पोरं उचला! कोणी हात नका लावू!"

पाच मिनिटांत मोहल्ला हलला. लेकरं काखेत गेली. म्हशी सोडवून दुसऱ्या गल्लीत नेल्या. कुणीतरी बिजली ऑफिसला फोन लावला, आणि तिथल्यांनी, योग्यच केलं, आधी लाइन बंद केली. अख्ख्या मोहल्ल्याचे पंखे गपगार!

इकडे फोन कट झालेला, आत नवी तार शोधताना पंखाही थांबलेला. महेंद्र बाहेर आला.

"काका, लाइट काहून गेली?"

"तार तुटली ना!"

"कुठं?"

"मले काय माहीत? कोणतरी वरडलं."

"बाप रे!" महेंद्र म्हणाला. आणि त्याच्यातला फिटर जागा झाला! "मांगं सरा सारे! चप्पल घाला! ओल्या जागी पाय ठेवू नका!" त्यानं एक कोरडा बांबू घेतला आणि मोहल्ल्याच्या पुढं होऊन तुटलेली तार शोधायला लागला. अर्धा तास! नाली पाहिली, कौलं पाहिली, कडुनिंबाचं झाड खालून वरपर्यंत पाहिलं. लोक म्हणाले, मेश्रामभाऊ हायेत म्हणून बरं.

शिडी घेऊन लाइनमन आला. त्यानं सगळे खांब पाहिले. सगळ्या तारा जागच्या जागी!

"सबसे पहले कौन चिल्लाया था?"

सगळ्यांनी महागूकाकांकडे बोट दाखवलं. काका म्हणाले, "मी नंतर. पह्यला आवाज या महेंद्रच्या ओसरीतून आला." आणि त्यांची काठी महेंद्रकडे वळली.

महेंद्रच्या हातातला बांबू सावकाश खाली आला. त्याच वेळी प्रेमलालची गाडी येऊन थांबली, आणि त्यानं सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "भाऊ, तुटलेली तार बदलली का?"

लाइनमन वळला. "कौनसी तार?"

"पहली," महेंद्र म्हणाला.

"पहले खंभे की?"

"नाही... गिटार की."

लाइनमननं डोक्यावरचं हेल्मेट काढलं, घाम पुसला, पुन्हा घातलं. मग म्हणाला, "अब लाइन बंद है ही, तो नीम की डालियाँ भी छाँट लेते हैं. बिजली शाम को आएगी."

भर वैशाखात, संध्याकाळपर्यंत! बायांनी महेंद्रकडे जे पाहिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तो घरात येऊन भिंतीला टेकून बसला. "पवनले बोलवून घ्या म्हणतो ताईले," तो म्हणाला. "बटनवाला. माझ्याच्यानं नाई होत." प्रेमलाल दाराशी उगाच चप्पल नीट लावत राहिला.

अंजनाची मशीन मोटरवर चालायची, ती बंद. आठ दिवसांत पहिल्यांदाच तिचे हात मोकळे झाले होते. ती आली, गिटार उचलून मांडीवर घेतली.

"तुटक्या तारा फेकल्या का ठेवल्या?"

फिटर माणूस काही फेकत नाही. डब्यात नऊ तारांचे तुकडे होते. अंजनानं प्रत्येक तारेचा खालचा, घोडीत अडकणारा तुकडा वेगळा काढला आणि जमिनीवर एकाशेजारी एक मांडला. नऊच्या नऊ सारखे! कात्रीनं मापून कापल्यासारखे!

"मी मंगळवारी विचारलं, कुठं तुटली. तुमी म्हणले घरात."

महेंद्रनं एक तुकडा उचलून उजेडात धरला.

"माझा धागा असा एकाच जागी तुटत राह्यला, तर म्या कधी रीळ बदलली का? सुईखालची पट्टी पाहा लागते. तिथं कुठं खरखर असते." तिनं उशीतून चिमूटभर कापूस काढला आणि घोडीवरच्या, तारा टेकतात त्या जागांवरून फिरवला. पाच जागी कापूस सुरकन सरकला. पहिल्या तारेच्या जागी अडकला, आणि एक तंतू तिथंच धरून बसला.

"इथं कोणतरी कानस मारली हाये," अंजना म्हणाली.

"हे इंजिनियर लोक!" महेंद्र उसळला. "हत्यार धरता येत नाई अन्..." आणि वाक्य तिथंच थांबलं.

त्याला आठवलं. गिटार घरी आणली त्या संध्याकाळी पहिली तार त्याला जरा उंच वाटली होती. खिशात बारीक गोल कानस होतीच. एका मिनिटाचं काम. नंतर त्यानं हात झटकून "फिनिशिंग" असंही म्हटलं होतं.

त्याचे कान लाल झाले. अंजनानं ते पाहिले. प्रेमलाल विचारणार, "कोण मारली असन?", तेवढ्यात तीच म्हणाली, "असन कोणी. झिरो पेपर आणा."

पॉलिश पेपरची बारीक गुंडाळी करून तिनं ती जागा घासली. कापूस फिरवला. पुन्हा घासली. तिसऱ्यांदा कापूस लोण्यावरून गेल्यासारखा गेला. मग तिचं लक्ष वर गेलं.

"अन् या खुंटीले काय बांधलं? म्हैस?"

महेंद्रनं मजबुतीसाठी तारेचे पंधरा वेढे एकमेकांवर चढवले होते. "बॉबिन अशी भरली तर शिवण होईन का? दोन-तीन फेरे, एकाखाली एक." वरच्या पट्टीच्या खाचांत तार कुरकुर करत अडकायची; तिथं तिनं पेन्सिल फिरवली. अडकलेल्या झिपेला ती नेहमी तेच करायची. नव्या तारा चढल्यावर तिनं महेंद्रला त्या हलक्या हातानं ओढायला लावल्या. "नवीन कापड आटते म्हणून शिवाच्या आधी भिजवतो ना आपण? हे वाढते. मंग आधीच वाढवून घ्या." ओढा, जुळवा, ओढा, जुळवा. चौथ्या वेळेला सूर जागचा हलला नाही.

"ही दांडी कशाले?"

"सूर हलवाले."

"सूर जाग्यावर राहून नाई राह्यले, अन् तुमाले हलवाले दांडी पाह्यजे?"

दांडी काढून ठेवली गेली. महेंद्रनं तास-दीड तास वाजवलं. तार तुटली नाही. बाकीच्या पाच तारांनीही सूर सोडला नाही. ओसरीवर अंजना, उजेड होता तोवर, हातानंच ब्लाउज पुरा करत होती. डाव्या खांद्यावर, डागाच्या बरोबर वर, तिनं निळ्या कापडाचं एक फूल टाचलं.

रविवारी सकाळी अकरा वाजता विहारासमोरचा मांडव भरला होता. आम्रपालीताई पांढऱ्या साडीत आल्या आणि खांद्याला हात लावून म्हणाल्या, "अंजना, हे फुलाचं डिझाइन तुले कसं सुचलं वो?"

"असंच, ताई," अंजना म्हणाली.

गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्यानंतर गिटारचा, लाल गिटार आल्यावरच घातलेला, लांब तुकडा होता. त्या तुकड्याच्या मध्यावर आजवर दर वेळी तार तुटायची आणि प्रेमलाल हार्मोनियमवर पुढचं सांभाळून घ्यायचा. त्यामुळे सवयीनं त्याचे हात मध्यावर आपोआप पुढं गेले. पण तार तुटलीच नाही! गिटारही चालू, हार्मोनियमही चालू! दोघांनी एकमेकांकडे घाबरून पाहिलं. आणि तेव्हा महेंद्रच्या लक्षात आलं, की या तुकड्याचा पुढचा अर्धा भाग आपण लोकांसमोर कधी वाजवलेलाच नाही!

त्यानं डोळे मिटले आणि प्रेमलालच्या मागे मागे जायला सुरुवात केली. प्रेमलालला वाटलं भाऊ थांबतील, म्हणून तो थांबला. भाऊ थांबले नाहीत. मग तो पुन्हा निघाला. पुढं हार्मोनियम, मागं गिटार. मग गिटार, मग हार्मोनियम. मांडवातल्या लोकांना वाटलं जुगलबंदी! टाळ्या सुरू झाल्या त्या तिसरं कडवं लागेपर्यंत थांबल्या नाहीत. विटा वाहिलेल्या बाया पुढच्या रांगेत उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. आम्रपालीताईंनी गाता गाता मागे वळून पाहिलं, आणि हसल्या. शाळेत त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नव्हतं.

शेवटी त्यांनी माइकवरून सांगितलं, "गिटारवर होते महेंद्र मेश्राम. सहा महिन्यांची तक्रार त्यायनं आठ दिवसांत स्वतः दुरुस्त केली!"

टाळ्या पडल्या. महेंद्र उभा राहिला. नुसतं हात जोडून बसला असता तरी चाललं असतं. बायांच्या रांगेत अंजना बसली होती, पदरानं घाम पुसत. तो माइकपाशी आला.

"जय भीम. दुरुस्त म्या नाई केली. माझ्या बायकोनं केली, अंजनानं. बिघडवली म्या होती. कानस मारून." मांडवात हशा उठला. त्याला जरा धीर आला. "अन् अजून एक सांगाचं होतं, ताईच्या ब्लाउजचं..."

अंजनानं डोळे वटारले. असे, की पंधराव्या रांगेतल्या माणसालाही कळावं.

"...ब्लाउज लय छान दिसून राह्यला," असं म्हणून महेंद्र खाली बसला.

पवनला काही बोलवावं लागलं नाही. गिटार आजही पार्टीत आहे, आणि तो तुकडा महेंद्रनं रोज सकाळी वाजवून वाजवून शेवटपर्यंत बसवला आहे. सगळं कसं नीट झालं. फक्त एक झालं.

पुढच्याच आठवड्यात प्रेमलाल हार्मोनियम घेऊन घरी आला. तिची एक पट्टी दाबली की वर यायला तयार नव्हती.

"वहिनी हायेत का?"

"वाराशिवनीले गेली हाये, बहिणीकडं. दुपारी येईन. दे इकडं, मी पाह्यतो." महेंद्रनं खिशातल्या कानशीकडे हात नेला.

प्रेमलालनं हार्मोनियम छातीशी घट्ट धरली. "नाई भाऊ. तुमी फक्त पाहा. हात नका लावू."

महेंद्रनं थोडा विचार केला. मग आत जाऊन दोन कप चहा करून आणला, आणि दोघंही ओसरीवर बसून अंजनाची वाट पाहू लागले.